पाण्यावर ठरलेली जागा

जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलो की मी आधी ट्रॅक्टरकडे बघतच नाही. मालकाशी ऊसबिलाच्या गोष्टी काढतो, चहा घेतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करतो आणि उठता उठता, जणू आत्ताच नजर पडली अशा आवाजात विचारतो, "हे धूड अजून चालू हाय व्हय?" तिथून पुढे खरा सौदा सुरू होतो.

हा धंदा मी कुणाच्या जिवावर उभा केलेला नाही. उंब्रजला हायवेच्या कडेला एका गॅरेजात पोरसवदा असल्यापासून इंजिनं धुतली, ग्रीस पुसलं, मिस्त्रीच्या शिव्या खाल्ल्या. पुढं दुसऱ्याचे ट्रॅक्टर विकून दलाली खाल्ली आणि मग स्वतःच्या पैशानं एकेक घ्यायला लागलो. आता पाटणपासून सांगलीपर्यंत कुणाला जुना ट्रॅक्टर काढायचा असेल तर मला फोन येतो. या सगळ्या वर्षांत एक नियम मी कधी मोडला नाही. माल कुणासाठी घेतोय हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. गिऱ्हाईक अडलेलं आहे असा नुसता वास लागला तरी समोरचा चढून बसतो.

हाच नियम मी माझ्या मुलीच्या शाळेला लावला. आणि त्याच नियमाच्या सुरीनं माझ्या घरच्यांनी माझा गळा कापला.

आमचं घर एकत्र आहे. आई, मी, माझी बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन पोरं. एक माझी मुलगी, एक भावाचा मुलगा. दोघांत चारपाच महिन्यांचं अंतर, मुलगी मोठी. वडील मी आठवीत असताना गेले, तेव्हा माझी शाळा सुटली. भावाची मात्र मी सुटू दिली नाही. त्याला कराडला कॉलेजला घातलं. नंतर तो मिल्ट्रीच्या भरतीला गेला, पुन्हा गेला, दरवेळी पळण्यात मागं पडून परत आला. शेवटच्या वेळी आला तेव्हा घरात तोंड दाखवायला तयार नव्हता. मीच त्याच्या हातात ट्रॅक्टरची किल्ली दिली आणि म्हटलं, "ऱ्हाऊ दे भरती. हे घे आन चालव."

आमच्याकडं एक रीत आहे. एकत्र घरातल्या कर्त्या माणसानं आपल्या पोराला चारचौघांत मांडीवर घ्यायचं नाही आणि 'माझं' म्हणायचं नाही. बाजारातून खाऊ आणला तर पुडे दोन, आणि पहिला पुडा भावाच्या पोराच्या हातात. दोन्ही पोरं मला अण्णा म्हणतात आणि भावाला तात्या. पाहुण्यानं विचारलं, "यातलं तुमचं कुठलं?" तर उत्तर ठरलेलं, "दोनी आमचीच." माझ्या वडिलांनी आम्हाला असंच वाढवलं, मीही तसाच वागलो. मुलगी लग्नानंतर आठनऊ वर्षांनी झाली. त्यासाठी सांगलीच्या डॉक्टरांकडे मी आणि बायकोनं किती खेटे घातले ते आम्हालाच माहीत. तरी तिला उचलून घ्यायचं तर मी खोलीचं दार लोटून घेत असे.

पोरगी माझ्यावर गेली आहे. दारात गारेगारवाला आला की ती आधी त्याच्या पेटीकडे बघत नसे. सायकलची घंटी वाजवून बघायची, मग म्हणायची, "कालचा चांगला नव्हता." त्यानं ऐकलं नाही तर "मग नको" म्हणून चालू लागायची आणि दारापाशी जाऊन हळूच मागं बघायची. तो गारेगारवाला पोट धरून हसायचा. "शेट, ही तुमचं दुकान खानार बगा," म्हणायचा. मला वाटायचं, खाऊ दे. पण मी ज्या दारांबाहेर उभा राहिलो त्या दारांतून ही आत जाऊ दे. माझ्याकडं बोलणं आहे, पण ते उंब्रजच्या बाजारातलं. हिच्याकडं ते बोलणंही असावं आणि इंग्रजीही असावी. म्हणून हायवेला लागून जी इंग्रजी शाळा झाली आहे, काचेच्या दर्शनी भागाची, पिवळ्या बसगाड्यांची, तिथं हिला पहिलीला घालायचं मी मनात धरलं.

मार्चमध्ये मी एकटाच संस्थाचालकांना भेटायला गेलो. माणूस गोड बोलणारा होता. जागा भरल्या म्हणाला, यादी लांब आहे म्हणाला, आणि मग पोकळ हसून देणगीवर आला. मी आकड्याला उत्तर दिलं नाही. खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर नवं मैदान केलेलं होतं, कडेनं झाडं लावली होती आणि गवत सगळं पिवळं पडलं होतं.

"साहेब, बोअर आटलीय वाटतं?"

"हो ना. उन्हाळाभर काय करायचं कळत नाही. एवढा खर्च केला मैदानावर."

"झाडं मेली तर पालक काय म्हनतील?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हटलं, "उन्हाळाभर रोज एक टँकर तुमच्या दारात. ट्रॅक्टर माझा, टँकर माझा, डिझेल माझं, पाणी माझ्या विहिरीचं. आन एक जागा आमची."

बराच वेळ घासाघीस झाली. त्यांना टँकरही हवा होता आणि देणगीही. मी दोनदा उठलो, दोनदा त्यांनी बसवलं. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"ठीक आहे. एक जागा राखून ठेवतो. मुलाचं नाव?"

"नावाची काय घाई हाय? आमच्या घरातलं पोर हाय. दाखला आनून देतो."

जुन्या सवयीनं मी नाव सांगितलं नाही. एकुलती एक मुलगी आहे, नवसासायासाची आहे, हे कळलं असतं तर त्या माणसानं मला पिळून काढला असता. विसार दिला, माल राखला, नाव नंतर. माझे सगळे सौदे असेच होतात आणि आजवर एकही फसला नव्हता.

भावाला मी घरी येऊन सगळं सांगितलं. सोप्यात, आईच्या देखत. "टँकर तू न्यायचा. पोरीच्या शाळेचं काम हाय. पण तिथं तोंड उघडायचं न्हाई. कुनासाठी जागा, कुनाचं पोर, काय बोलायचं न्हाई. दाखले द्यायची वेळ आली की मी बघतो."

"बरं," तो म्हणाला. आईनं मान हलवली. हे दोघांनी ऐकलेलं आहे, कुणी म्हणू नये की माहीत नव्हतं.

एप्रिल-मे हे माझ्या धंद्याचे दिवस. मशागतीच्या आधी सगळ्यांना ट्रॅक्टर बदलायचे असतात. मी कधी सांगलीला, कधी कुंडलला सासुरवाडीच्या अंगाला, कधी पार पाटणच्या वरच्या गावांत. भाऊ रोज टँकर भरून शाळेत जात होता, हे खरं. उन्हातान्हात जात होता, हेही खरं. मी कुणाचे कष्ट नाकारत नाही. घरी मुलीची तयारी चालली होती. दारात कुणीही आलं की ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायची, "व्हॉट इज युवर नेम? माय नेम इज..." दूधवाल्याला, लाईट बिलवाल्याला, म्हशीच्या डॉक्टरला. तिचं ऐकून भावाच्या मुलालाही ते पाठ झालं. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

मे संपत आला तसा मी जेवताना भावाला विचारायला लागलो.

"शाळेतनं काय निरोप? मुलाखत कवा?"

"अजून न्हाई."

"तू इचारलंस का?"

"इचारलं की. कळवतो म्हनले."

तो ताटाकडं बघत बोलायचा. त्याची बायको भाकरी वाढायला वाकायची आणि लगेच आत जायची. माणूस माल दाखवताना इंजिनाच्या एका बाजूलाच उभा राहिला की त्या बाजूला तेल गळतंय हे मी लांबून ओळखतो. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर मला ते ओळखू आलं नाही. आलं नाही म्हणण्यापेक्षा, मी बघितलंच नाही. भावाकडं कुणी तसं बघत नाही.

जूनच्या सुरुवातीला मी म्हटलं, निरोप येईल तेव्हा येईल, ड्रेस तर शिवून ठेवू. बायको म्हणाली, "एवढी घाई कशाला? बघू की मागनं." मी ऐकलं नाही. मुलीला मोटरसायकलवर पुढं बसवलं आणि कराडला त्या शाळेचे कपडे मिळतात त्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा. त्याच्या सासऱ्याला मी ट्रॅक्टर दिलेला.

मुलीला त्यानं स्टुलावर उभं केलं. तिनं न सांगता दोन्ही हात आडवे पसरले, माप द्यायला. त्यानं टेप हातात घेतली आणि थांबला.

"शेट, तुमच्या घरचा ड्रेस तर परवा नेला की."

"कुणी नेला?"

"तुमच्या भावानं. पोराला घेऊनच आले होते. दोन जोड, शिवाय पीटीचा. बूटबी नेले." मग तो मुलीकडं बघून हसला. "ही पण त्याच शाळेत का? दोघं दोघं! भारी काम झालं की."

माझ्या कानात इंजिन सुरू झाल्यासारखं झालं. दुकानदार काहीतरी बोलत होता. माझा चेहरा बघून त्यानं टेप गळ्यात अडकवून टाकली.

"अण्णा," मुलगी म्हणाली, "हात खाली घेऊ?"

दुकानातून मी घरी गेलो नाही. तिला तशीच गाडीवर घेऊन सरळ शाळेत गेलो. शिपाई अडवायला आला, त्याला बाजूला केलं. संस्थाचालक मला बघून उठले, हसले, "या या शेठ, मैदान बघितलंत का? हिरवंगार केलंत तुम्ही."

"जागा कुनाला दिली?"

"कुणाला म्हणजे? तुमच्याच घरात दिली. तुमचे बंधू रोज यायचे. आमच्या मॅडमनी एकदा विचारलं, जागा राखलीय तो तुमचा मुलगा का? ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले. चांगली उत्तरं दिली त्यानं. का? काय झालं?"

"ही बगा." मी मुलीला पुढं केलं. "हिच्यासाठी घेतलीवती जागा. सौदा माझा होता. हात माझ्या हातात दिला होता तुमी!"

"अहो, पण तुम्ही नाव कुठं सांगितलंत?" ते खरंच गोंधळले होते, की गोंधळल्यासारखं करत होते, मला आजही ठरवता येत नाही. मुलीला बरं वाटावं म्हणून की काय, त्यांनी वाकून तिला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

तिला तेवढंच हवं होतं. तिनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, रंग सांगितले आणि न विचारता एक इंग्रजी कविता हातवारे करून म्हणून दाखवली. साहेब म्हणाले, "हुशार आहे हो!"

मी आयुष्यात पहिल्यांदा सौद्यात आपणहून खाली आलो. म्हटलं, "साहेब, आजून एक जागा करा. देनगी तुमी म्हनाल ती. पुढचा उन्हाळाबी पानी माझं." त्यांनी मान हलवली. वर्ग भरला, तपासणी असते, एकही वाढवता येत नाही. "एक होईल," ते म्हणाले. "तुमच्या भावाला घेऊन या. त्यांना मुलाला काढून घेतो म्हणून सांगू दे. त्याच जागेवर हिला घेतो, आत्ता."

परत येताना गाडीवर मुलीनं विचारलं, "मी कविता चुकले का?" मी म्हटलं, "न्हाई. जागा संपल्या." दुसरं काही तोंडातून बाहेर पडलं असतं तर ते तिच्या कानांनी ऐकण्यासारखं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा भाऊ अंगणात टँकर धूत होता. मुलीला खाली उतरवलं; गाडी लावली नाही, तशीच टाकली. ती आडवी पडल्याचा आवाज ऐकून आई बाहेर आली.

"ड्रेस कुनाचा शिवलास रं?"

त्यानं पाण्याचा पाईप खाली ठेवला. कॉक बंद केला. मग म्हणाला, "अण्णा, आत बसून बोलू."

"हितंच बोल! गावाला ऐकू दे!"

"मी काय मागाय गेलो नव्हतो. त्यांनीच इचारलं, पोरगा तुमचा का. मी काय सांगनार? तुमीच म्हनलावता, कुनासाठी जागा ते बोलायचं न्हाई."

"मग गप बसायचं! हो कशाला म्हनलास?"

"पोरगा माझा न्हाई म्हनू?" आता त्याचाही आवाज चढला. "उन्हात कोन बसलं दोन म्हैनं? सीटवर बूड भाजून निघालं माझं. तुमी एक दिवस आलासा का तिकडं? तिथली झाडं मी जगवली. तिथला शिपाई मला वळखतो, बाई मला वळखत्यात. तुमाला कोन वळखतंय?"

"ट्रॅक्टर कुनाचा? डिझेल कुनाचं? तुला कॉलेज कुनी दावलं?"

"झालं! काढा. भरतीचंबी काढा."

आई मध्ये आली. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आरं, वरडू नगंस. पोरगं काय परक्याचं हाय का? तुझ्याच मांडीवर मोठं झालंय."

"आये, तुला ठावं हुतं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुझं काय अडतंय? तू हिला कुठंबी घालशील. चार मानसं तुला वळखत्यात, तुला बोलाय येतंय. ह्येला काय येतंय? एक संधी आली ह्येच्या पोराला. त्येवढी सोड की."

मला वाटतं, मला खरा घाव तिथं बसला. भावानं खोटं केलं ते एक वेळ समजतं. पण मी कमावतो म्हणून मी सोडायचं, मला जमतं म्हणून माझ्या मुलीनं थांबायचं, हा कुठला न्याय? माणूस लंगडा असता तर सगळ्यांनी उचलून नेला असता. स्वतःच्या पायावर उभा राहिला म्हणून त्याच्याच खांद्यावर सगळं.

"एवडं इचारतो," मी भावाला म्हटलं. "पोराला घेऊन गेलास, आलास. त्या दिवशी रातच्याला माझ्याबरुबर जेवलास. दुसऱ्या दिवशीबी जेवलास. मी इचारलं, निरोप काय. 'अजून न्हाई' म्हनलास. तोंडातला घास कसा गिळलास रं?"

खाली बघत तो ओल्या पायानं माती उकरत राहिला. मग मान वर करून एकदम शांत आवाजात म्हणाला, "तुमी म्हनत असाल तर काढतो त्याला. उद्या सकाळी येतो तुमच्यासंगं शाळेत. सही करतो. तुमी फकस्त सांगा, काढ म्हनून."

सौद्यात शेवटचा शब्द आपण बोलायचा नाही, समोरच्याच्या तोंडातून काढायचा. हे मीच त्याला शिकवलेलं. कुंडलला एकदा त्याला ट्रॅक्टर बघायला नेलं होतं तेव्हा, परतीच्या वाटेवर. तो तेव्हा लक्ष देत नाही असं मला वाटलं होतं.

'काढ' एवढाच शब्द होता. अंगणात सगळे उभे होते. भावाची बायको दारात, डोळे पुसत. माझी बायको तुळशीपाशी. दोन्ही पोरं सोप्यात पोह्याच्या बशा घेऊन बसलेली, मुलगी भावाच्या मुलाला ती इंग्रजी कविता शिकवत होती. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. ह्याला कुणी मोठं मन म्हणू नये. मोठं मन वगैरे काही नव्हतं. मला गाव दिसत होतं. सख्ख्या पुतण्याला बाकावरनं उठवून आपली पोरगी बसवली, असं पारावर बोललं गेलं असतं, आणि टँकरची गोष्ट कुणी काढली नसती. माझा माल, माझा सौदा, आणि चोर मी ठरलो असतो. भावाला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो सही करायला तयार होता.

"किल्ली ठेव," मी म्हटलं. त्यानं खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढून कट्ट्यावर ठेवली.

खोलीत गेल्यावर मी बायकोला विचारलं. ती अंथरुणाच्या घड्या घालत होती.

"तुला कवापास्नं ठावं हुतं?"

"बूट बघितलं तवापास्नं. जावेनं ट्रंकंत लपवलंवतं."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं?" तिनं चादर झटकली. "तुमी भांडी फेकली असती, वाटनी मागितली असती. तुमी सकाळी गाडी काढून सांगलीला जाता. मला ह्याच चुलीपुढं बसून तिच्याबरुबर भाकऱ्या थापायच्या असत्यात. आवं, माझी पोरगी न्हाई का ती? मला काय वाटलं नसंल?"

ती म्हणाली ते खोटं नव्हतं, आणि तरी तिनं मला त्या दुकानात तसंच जाऊ दिलं होतं. "घाई कशाला" एवढंच म्हणाली होती.

पुढचे दिवस मी इतर शाळांना फोन केले. कराडात जागा नव्हत्या. सांगलीत एक मिळत होती, पण त्यासाठी मुलीला मेव्हण्याकडं ठेवावं लागलं असतं. बायको एवढंच म्हणाली, "नऊ वर्षांनी झालेलं लेकरू मी कुनाकडं ठेवत न्हाई." विषय संपला.

मग एक दिवस गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाई दारात आल्या. दरवर्षी शाळा उघडते त्या दिवशी पहिलीच्या नव्या पोरांची गावातून मिरवणूक काढतात. फुगे, कागदी टोप्या, पुढं मोठ्या पोरांचं लेझीम. पूर्वी बैलगाडी असायची, आता बैल कुठं मिळतात?

"शेठ, ट्रॉली पाहिजे होती. सकाळी दोन तास फक्त. डिझेलचं बघू आम्ही कसंतरी."

शाळावाल्यांना माझा ट्रॅक्टर बरा दिसतो, हे माझ्या ओठावर आलं. गिळलं. विचारलं, "किती पोरं हायेत पहिलीला?"

त्यांचं तोंड उतरलं. "कमी आहेत हो. सगळे हायवेकडं पळतात. पट असाच घसरला तर आमच्यातला एक शिक्षक जाणार."

"ट्रॉली देतो. पन आधी एक नाव घाला. माझ्यासमोर."

"कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"अहो पण ती तर इंग्लिश..." त्या बोलायच्या थांबल्या. गावाला कळलं होतंच.

"बाई, ट्रॉली पाहिजे का नको?"

त्यांनी पर्समधून पेन काढलं. मी नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. लिहून झाल्यावर म्हटलं, "वाचून दाखवा." त्यांनी वाचून दाखवलं.

शाळा उघडली त्या दिवशी पिवळी बस आधी आली. भावाचा मुलगा टाय लावून चढला, माझ्या आईनं त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आमच्या दारात ट्रॉली सजायला लागली. मुलगी कागदी मुकुट घालून सगळ्यात आधी चढून बसली, पुढच्या फळीला धरून. मी ट्रॅक्टरपाशी आलो तर भावाचा पाय पायरीवर होता.

"अण्णा, मी घेतो की. तुमी कशाला धुरळ्यात?"

"उतर."

तो उतरला. खूप वर्षांनी मी गावातून भरलेली ट्रॉली ओढली. लेझीमवाल्या पोरांमागं बैलाच्या चालीनं चालवावी लागते, क्लच दाबून दाबून पाय भरून आला. पारावर माणसं बसली होती. एकजण ओरडला, "शेट, इंग्लिश शाळा गावातच आली जनू!" सगळे हसले. मी पुढं बघत राहिलो. मागून मुलीचा आवाज सगळ्या पोरांत मोठा येत होता, "अण्णा, हॉर्न वाजवा! अजून वाजवा!" मी वाजवत होतो. ती इतकी खूश होती की मला ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी पिवळी बस भावाच्या मुलाला दारात सोडून गेली. मुलगी मुकुट घालूनच पायरीवर बसली होती, मी शेजारी पायाला तेल चोळत होतो. तिनं त्याच्या टायकडं बघितलं, बुटांकडं बघितलं, खांद्यावरच्या दप्तराकडं बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "मला जागा संपल्या. मग ह्याला कशी घावली?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली. भाऊ समोर गोठ्याच्या दारात वैरण तोडत बसला होता. त्यानं ऐकलं असावं, कारण विळ्याचा आवाज थांबला.

"मला न्हाई ठावं," मी म्हटलं. "तात्याला इचार."

ती उठली, मुकुट सरळ केला आणि अंगण ओलांडून त्याच्याकडं चालत गेली. घरातून आई म्हणाली, "आरं, लेकराला कशाला..." मी तिकडं लक्ष दिलं नाही. मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं प्रश्न विचारला, मोठ्यानं, मुलाखतीत विचारतात तसा.

भावानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. मी नजर काढून घेतली नाही.